इलफर्ड आयडी-११: नाशिकच्या मे महिन्यातही रोल सारखाच निघावा म्हणून

घाई असेल त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. घरी ब्लॅक अँड व्हाइट रोल धुवायचे असतील, आणि दिवाळीत धुतलेला रोल अन् मे महिन्यात धुतलेला रोल शेजारी शेजारी ठेवल्यावर एकाच हातचे वाटायला हवे असतील, तर इलफर्डचं आयडी-११ हे डेव्हलपर (फिल्मवरचं चित्र उमटवणारं रसायन) घ्या, एक लिटरचं पाकीट घ्या, तेवढंच पाणी घालून एकास एक पातळ करा, एकदा वापरून टाकून द्या, आणि हे सगळं २४ अंशांवर करा. २० वर नको, २४ वर. या २४ साठीच खरं तर हा एवढा मोठा रिव्ह्यू लिहायला बसलेय, कारण इंटरनेटवर जिथे बघावं तिथे २० अंश लिहिलेलं असतं आणि आपण गच्चीवरच्या टाकीचं पाणी घेऊन त्या २० च्या मागे धावत बसतो.

माझा नेहमीचा रोल एचपी५ प्लस, अधूनमधून एफपी४ प्लस, दोन्ही इलफर्डच्याच ब्लॅक अँड व्हाइट फिल्म. उन्हाळा, पावसाळा, थंडी तिन्हीत हा डेव्हलपर वापरून झालाय म्हणून आता लिहितेय. आधी रोल बाहेरगावी लॅबला पाठवायचे, तिथून एकदा कडक कॉन्ट्रास्टचा रोल यायचा आणि पुढच्या खेपेला राखाडी, पाणचट. कॅमेरा तोच, लेन्स तीच, मीटर तोच, मग फरक नक्की कुठे पडला हे कळायला काही मार्गच नाही. घरी धुतलं की पैसे वाचतात हे खरंय, पण माझ्यासाठी मुख्य फायदा हा की मधले सगळे बाजूला होतात आणि काही बदललं तर ते कुठे बदललं हे शोधता येतं. सारखा रिझल्ट हवा असेल तर इथूनच सुरुवात आहे.

आयडी-११ ही काही नवी गोष्ट नाही. १९२० च्या दशकात कोडॅकचं डी-७६ आलं ते मुळात सिनेमाच्या फिल्मसाठी, आणि आयडी-११ म्हणजे जवळपास तोच फॉर्म्युला इलफर्डच्या नावाने. डी-७६ चा छापील फॉर्म्युला बघा, एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, झालं. पंचवटीत आमच्या ओळखीचे एक काका आहेत, पूर्वी त्यांचा स्टुडिओ होता, ते हीच चार रसायनं छोट्या तराजूवर तोलून स्वतः डेव्हलपर बनवायचे आणि त्यात इंदूचे रोल धुवायचे (इंदू म्हणजे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे, नवीन मंडळींनी नाव पण ऐकलं नसेल). मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा माझ्या सगळ्या शंका वेळेबद्दलच होत्या, किती मिनिटं, किती सेकंद. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, आधी पाण्यात बोट घाल, मग घड्याळाकडे बघ." तेव्हा एसी नव्हते, डिजिटल थर्मामीटर नव्हते, तरी या गावात चांगले निगेटिव्ह निघतच होते ना. दादासाहेब फाळके तर इथलेच, त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले, आणि त्यांच्या घरी फिल्मची रसायनं मिसळण्यापासून सगळ्या कामात सरस्वतीबाईंचा हात होता. ते सगळं आठवलं की बाथरूममध्ये टब मांडून बसायला मला तरी हुरूप येतो.

पाकिटात दोन पुड्या असतात, ए आणि बी. ४० अंशांच्या आसपासचं कोमट पाणी पाऊण लिटर घ्यायचं, आधी ए पूर्ण विरघळवायची, मगच बी, आणि मग पाणी घालून बरोबर एक लिटर करायचं. क्रम उलटा करू नका, सल्फाइट आधी पडलं की मेटॉल नीट विरघळत नाही. बी ची पुडी मोठी असते, एकदम ओतली तर तळाशी गोळा धरतो, म्हणून एका हाताने ढवळत दुसऱ्या हाताने थोडी थोडी सोडायची. हातमोजे घाला, मेटॉलने काहींच्या त्वचेला त्रास होतो, आणि पूड उडते म्हणून नाकातोंडाला मास्क. मापाचं भांडं, चमचा हे सगळं वेगळं ठेवा, परत स्वयंपाकघरात जायला नको. रात्री मिसळून झाकून ठेवलं की सकाळपर्यंत गार होतं, मग बाटल्या भरायच्या.

बाटल्यांचं महत्त्व लोक कमी धरतात. तयार केलेला स्टॉक (म्हणजे पातळ न केलेला मूळ डेव्हलपर) काठोकाठ भरलेल्या, घट्ट बंद बाटलीत सहा महिने टिकतो असं इलफर्ड सांगतं, अर्धवट भरलेल्या बाटलीत मात्र महिनाभरच. म्हणजे एका मोठ्या बाटलीत लिटरभर ठेवलं आणि दर वेळी त्यातून थोडं काढलं तर पहिला रोल ताज्या डेव्हलपरमध्ये आणि शेवटचा हवा लागून मलूल झालेल्यात, मग सारखेपणा येणार कुठून? मी औषधांच्या दुकानातून तपकिरी काचेच्या २५० मिलीच्या बाटल्या आणल्या. एक लिटरच्या चार बाटल्या होतात, प्रत्येक गळ्यापर्यंत भरलेली, वर तारखेची चिकटपट्टी. एक बाटली उघडली की त्यात तेवढंच पाणी घालायचं, अर्धा लिटर तयार, एक रोल धुवायचा आणि टाकून द्यायचं. चार बाटल्या, चार रोल. परत वापरायचं असेल तर स्टॉक तसाच वापरून दर रोलमागे वेळ दहा टक्क्यांनी वाढवत जायची असा हिशेब आहे, लिटरला दहा रोल निघतात, स्वस्त पडतं, मान्य आहे. पण त्या हिशेबात पाचवा रोल आणि पहिला रोल एकाच ताकदीच्या डेव्हलपरमध्ये धुतला गेला असं छातीठोक सांगता येत नाही, आणि मला तेच तर हवंय.

एका रोलला अर्धा लिटर कशाला, पॅटरसनच्या टाकीत (फिल्म रिळावर गुंडाळून धुवायचा उजेडबंद डबा) एका ३५ एमएमला २९० मिली पुरतं, असं कोणी विचारेल. बुडायला पुरतं, बरोबर आहे. पण २९० मिली एकास एक म्हणजे खरा डेव्हलपर १४५ मिली, आणि ३६ फोटोंचा अख्खा रोल त्यावर. डी-७६ बद्दल कोडॅकने हे स्पष्टच लिहिलंय की एकास एक वापरताना ३६ च्या एका रोलला ४७३ मिली घ्या, आणि त्याच्या निम्म्यात धुवायचा असेल तर वेळ दहा टक्के वाढवा. उन्हातले फोटो जास्त असलेला रोल डेव्हलपर जास्त खातो, ढगाळ दिवसाचा कमी खातो, म्हणजे रसायन कमी असेल तर रिझल्ट फोटोंवर अवलंबून राहणार. म्हणून मी दोन रिळांची टाकी वापरते, एक रीळ खाली, त्यावर क्लिप म्हणजे ते वर सरकत नाही, आणि अर्धा लिटर.

आता २४ चं. पाणी गरम असेल तर डेव्हलपर जलद काम करतो, गार असेल तर हळू, एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण किती, हे फार कमी लोक मनावर घेतात. इलफर्डच्या माहितीपत्रकात उदाहरण दिलंय: २० अंशांना ४ मिनिटं लागत असतील तर २३ ला ३ मिनिटं आणि १६ ला ६ मिनिटं. मोघम धरलं तर एका अंशाला नऊ-दहा टक्के. म्हणजे ९ मिनिटांच्या डेव्हलपमेंटमध्ये एका अंशाची चूक झाली तर जवळपास मिनिटभराची चूक झाली. आपण स्टॉपवॉचवर पाच सेकंद इकडे की तिकडे याची काळजी करत बसतो आणि थर्मामीटर दीड अंशाने खोटं बोलत असतो.

एचपी५ प्लसला आयडी-११ स्टॉकमध्ये २० अंशांवर साडेसात मिनिटं, एकास एकमध्ये १३ मिनिटं. हे छापील आकडे. आता मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीला टेकलेला असतो, गच्चीवरची टाकी दिवसभर तापलेली, रात्री दहाला नळ सोडला तरी पाणी तिशीच्या वर. या पाण्यात स्टॉक वापरला तर हिशेबाने वेळ येते जेमतेम ३ मिनिटं, आणि ५ मिनिटांच्या खाली टाकीत डेव्हलपमेंट एकसारखी होत नाही, आकाशात पट्टे, कडेला गडद डाग. म्हणून २० वर आणायला जावं तर बर्फावर बर्फ, आणि एवढं करून आणलं तरी त्या तापलेल्या बाथरूममध्ये ते २० वर थांबत नाही, तुम्ही टाकी उलटीपालटी करत असतानाच चढायला लागतं. जानेवारीत उलटं. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो त्या दिवसांत पहाटे नळाच्या पाण्यात हात घालवत नाही, तेव्हा २० वर आणायला गरम पाणी ओतायचं.

२४ घेतलं की हे सगळं आवाक्यात येतं. मे मध्ये बर्फाची एखादी बाटली, पावसाळ्यात आणि दिवाळीच्या आसपास जवळपास नळाचं पाणीच, थंडीत एखादा तांब्या गरम. खोलीचं तापमान २४ पासून फार लांब नसलं की पाणी तिथेच टिकतं, आणि सगळ्यात मोठी गोष्ट ही. एकास एकला १३ चे २४ अंशांवर साधारण ९ मिनिटं होतात, एफपी४ प्लसला ११ चे साडेसात, म्हणजे ५ च्या बरंच वर, निवांत. काही जण म्हणतात, दर वेळी जे तापमान असेल ते मोजा आणि तक्त्यात बघून वेळ बदला. चालतं, तातडीला मी पण केलं असतं, पण डेव्हलपरमधली दोन मुख्य रसायनं, मेटॉल आणि हायड्रोक्विनोन, तापमानाला सारखी साथ देत नाहीत, त्यामुळे खूप वरखाली गेलं की तक्त्याने वेळ जुळली तरी टोन तंतोतंत जुळेलच असं नाही. एकच तापमान, एकच वेळ, वर्षभर. डोक्याला ताप नाही.

मे महिन्यात मी कसं करते ते सांगते. रोल पहाटेच टाकीत भरून ठेवते, कारण दुपारनंतर चेंजिंग बॅगमध्ये (अंधारात फिल्म भरायची हात घालायची काळी पिशवी) दोन मिनिटांत हात घामाने ओले होतात आणि ओलसर प्लॅस्टिकच्या रिळावर फिल्म पुढे सरकत नाही, अडकते, दुमडते. पावसाळ्यातही तेच, रीळ आदल्या रात्री पंख्याखाली खडखडीत वाळवून घ्यावं. टाकीचं झाकण आणि मधली नळी नीट बसलेली असली की ती दिवसभर कपाटात पडून राहिली तरी काही बिघडत नाही. (मधली काळी नळी विसरू नका, उजेड अडवायचं काम तीच करते.) रात्री बाथरूममध्ये टब अर्ध्याच्या वर भरायचा, त्यात डेव्हलपरचा मग, फिक्सरची (डेव्हलपरनंतर चित्र पक्कं करणारं रसायन) बाटली, धुण्याच्या पाण्याचे दोन जग आणि ती बंद टाकी, सगळं मानेपर्यंत बुडेल असं, आणि मग फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली त्यात सोडायची. सुटा बर्फ नको. बाटली पाहिजे तेव्हा उचलून बाहेर काढता येते, सुट्या बर्फाला ते जमत नाही. थर्मामीटर डेव्हलपरच्या मगात ठेवायचा, टबात नाही, दोन्हीत बराच फरक असतो. आकडा २८, २७, मग २६ वरून जरा रेंगाळत २५, आणि २४.५ दिसला की बाटली बाहेर, पुढचा अर्धा अंश तो आपसूक उतरतो. ओतायच्या वेळी मगाच्या बाहेरच्या बाजूला दव धरलेलं असतं, ते पुसून घ्या नाहीतर हातातून सटकेल. २३.८ ला सुरू केलं तर शेवटी २४ च्या किंचित वर गेलेलं असतं, सरासरी बरोबर २४, आणि मधल्या वेळात टाकी टबातच ठेवायची.

रोल भरलेली कोरडी टाकी आधी टबात ठेवायची ती तीही त्याच तापमानाला यावी म्हणून. काही लोक त्यासाठी आत पाणी भरून फिल्म आधी भिजवतात, पण इलफर्ड आपल्या फिल्मना हे करू नका म्हणतं, असमान डेव्हलपमेंटचा धोका असतो, सो मी करत नाही.

थर्मामीटरबद्दल जरा थांबून लिहिते. महागाचा घ्यायची गरज नाही, पण तपासलेला पाहिजे. भरपूर बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी ग्लासात ढवळून ठेवलं की ते शून्य अंशाला असतं, त्यात घालून बघा. मग कोमट पाण्यात घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर आणि हा दोन्ही एकदम धरा, ३८ च्या आसपास, ताप मोजणारे बऱ्यापैकी अचूक असतात. दोन्हीकडे अर्धा अंश जास्त दाखवत असेल तर चिकटपट्टीवर तसं लिहून थर्मामीटरलाच चिकटवा. आणि एकच वापरा, कायम तोच. अर्धा अंश खोटा असलेला पण रोजचा ठरलेला थर्मामीटर चालेल, आज हा उद्या तो मात्र नको.

हलवण्याचं पण तसंच, पद्धत कोणती यापेक्षा दर वेळी तीच असणं जास्त महत्त्वाचं. इलफर्डची पद्धत सोपी आहे: ओतल्यावर पहिल्या १० सेकंदांत टाकी चार वेळा उलटीसुलटी, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला १० सेकंदांत चार वेळा, आणि दर वेळी टाकी खाली टेकवताना ठक्कन आपटायची म्हणजे बुडबुडे सुटतात. उत्साहात जास्त हलवलं की कॉन्ट्रास्ट चढतो आणि स्प्रॉकेटच्या भोकांशेजारी पट्टे येतात. घड्याळ मी ओतायला सुरुवात केली की चालू करते आणि वेळ संपायच्या १० सेकंद आधी ओतून काढायला लागते. तुम्ही ओतून झाल्यावर चालू करत असाल तर तेही चालेल, फक्त मग कायम तसंच.

पाणी. महापालिकेचं गंगापूर धरणाचं पाणी बरं असतं, पण आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं मिसळतात, कधी टँकर येतो, आणि पावसाळ्यात गोदेला पूर आला की नळाला गढूळ पाणी येतं ते तर सगळ्यांना माहीतच आहे. आयडी-११ बोरॅक्सवर चालतं, त्याचा अल्कलीपणा सौम्य असतो, त्यामुळे बोअरच्या जड पाण्याने त्याची ताकद थोडी इकडेतिकडे होऊ शकते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर पाच लिटरच्या कॅनमध्ये कुठेही मिळतं, डेव्हलपर मिसळायला, पातळ करायला आणि शेवटच्या खळबळण्याला तेच वापरा. मधलं धुणं नळाच्या पाण्याने चालतं, फक्त तापमान जवळपास सारखं असू द्या. धुण्याचीही इलफर्डची युक्ती आहे, टाकी भरून पाच वेळा उलटी, पाणी बदलून दहा वेळा, परत बदलून वीस वेळा, झालं, तासभर नळ सोडून ठेवायची गरज नाही. उन्हाळ्यात टँकरचं पाणी मोजून वापरणाऱ्या घरात हे फार कामाचं आहे.

फिक्सरवर फार लिहीत नाही. नवा रोल धुण्याआधी फिल्मच्या जिभेचा (रोलच्या सुरुवातीचं बाहेर आलेलं टोक) तुकडा फिक्सरमध्ये टाका, किती वेळात पारदर्शक होतो बघा, त्याच्या दुप्पट वेळ फिक्स करा, आणि तो वेळ ताज्या फिक्सरच्या दुप्पट झाला की फिक्सर बदला. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते, कुंडीत किंवा बागेत ओतू नका.

आता हे सगळं केल्यावर खरंच सारखं येतंय का, हे कसं ठरवायचं? फोटो बघून नाही ठरत, कारण फोटो वेगवेगळे असतात. रामकुंडावर सकाळच्या उन्हात पांढरी धोतरं आणि सराफ बाजारातली अंधारी गल्ली यांची तुलना कशी करणार. गोदावरीला पूर किती आला हे आपण दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत की छातीपर्यंत यावरून सांगतो, मूर्ती जागची हलत नाही म्हणून तो आकडा सगळ्यांना कळतो, तशी रोलवर पण एक न हलणारी खूण पाहिजे. मी दर रोलची पहिली फ्रेम घरी रात्री घेते: टेबलावर ग्रे कार्ड (ठरलेल्या राखाडी रंगाचा पुठ्ठा), शेजारी पांढरा टॉवेल आणि काळं कापड, वर तोच एलईडी दिवा, तेवढंच अंतर, तेच शटर, तेच ॲपर्चर, मीटर बघायचाच नाही. रोल वाळला की ती फ्रेम आधीच्या रोलच्या पहिल्या फ्रेमशेजारी लाइट पॅडवर ठेवायची, नाहीतर मोबाइलची पांढरी स्क्रीन. निगेटिव्हवर पांढरं काळं दिसतं, तर टॉवेल आधीपेक्षा जास्त काळा दिसला तर डेव्हलपमेंट जास्त झाली, फिका दिसला तर कमी.

दुसरी खूण तर फुकट मिळते. फिल्मच्या कडेला एचपी५ प्लस हे नाव आणि फ्रेमचे आकडे असतात ते कारखान्यातच एक्स्पोज केलेले असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. फोटो पातळ आणि कडेची अक्षरं मात्र ठळक असतील तर एक्स्पोजर कमी पडलंय, डेव्हलपरला दोष देऊ नका. अक्षरंही फिकी असतील तर डेव्हलपमेंट कमी. आणि रोलची सुरुवातीची उजेड लागलेली जीभ छापील कागदावर ठेवून बघा, नीट डेव्हलप झाली असेल तर खालची अक्षरं जेमतेम कळतील, सहज वाचता यायला लागली तर काहीतरी कमी पडलंय. एवढं बघायला दोन मिनिटं पण लागत नाहीत आणि वहीत एका ओळीत लिहून ठेवलं की पुढे वर्षभर उपयोगी पडतं: तारीख, बाटलीची तारीख, सुरुवातीचं तापमान, शेवटचं तापमान, वेळ.

रिझल्टबद्दल. २४ वर एकास एकमध्ये एचपी५ चा ग्रेन (फोटोतले दाणे) दिसतो, पण बारीक आणि स्वच्छ, ३५ एमएमला मला तो आवडतो. सावलीतला तपशील चांगला राहतो, आणि पांढरं फाटत नाही, हे आपल्याकडच्या उन्हात फार महत्त्वाचं आहे. रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदात) उड्या मारणाऱ्यांचे फोटो घेतले होते, भर दुपारी, अंगावरून निथळणारं पाणी उन्हात चमकतंय आणि मागे जुन्या वाड्याच्या ओट्याखाली गडद सावली, तर पाण्याचे थेंब वेगवेगळे दिसतात आणि ओट्याखाली उभ्या पोरांचे चेहरेही दिसतात. गंमत म्हणजे तो रोल उन्हाळ्याच्या तोंडावर धुतलेला, आणि हिवाळ्यात पांडवलेणीला घेतलेला रोल त्याच्या शेजारी ठेवला तर पहिल्या फ्रेममधला टॉवेल दोन्हीत तसाच आहे. स्कॅन करताना दोन्हीला तीच सेटिंग चालली, स्लायडर ओढत बसावं लागलं नाही. मला हेच हवं होतं आणि ते या डेव्हलपरने दिलं.

न आवडण्यासारखं काय? पावडर असल्याने मिसळायचा एक दिवस वेगळा काढावा लागतो, मनात आलं आणि रोल धुतला असं होत नाही. सहा महिन्यांची मुदत आहे, त्यामुळे महिन्या दोन महिन्यांतून जेमतेम एखादा रोल निघत असेल त्यांनी विचार करावा. स्टॉक पाण्यासारखा रंगहीन असतो, चहाचा रंग धरला की फेकून द्या, एका रोलसाठी जोखीम घेऊ नका. आणि नाशिकमध्ये दुकानात जाऊन हातात घेता येत नाही, मुंबई-पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवावं लागतं, किंमत दर खेपेला वरखाली होते.

बाकीचे डेव्हलपर थोडक्यात. एचसी-११० द्रवरूप आहे, टिकतं भरपूर, सोयीचं आहे, पण बी डायल्यूशनला (पातळ करायच्या त्याच्या एका ठरलेल्या प्रमाणाला) एचपी५ ची वेळ २० अंशांवरच ५ मिनिटं, म्हणजे २४ वर साडेतीनच्या खाली, आपल्या हवेला ते जमणार नाही, वापरायचंच तर आणखी पातळ करून. रोडिनल १८९१ पासूनचं आहे, उघडलेली बाटली पण वर्षानुवर्षं चालते, एकास पन्नासला एचपी५ ची वेळ ११ मिनिटं म्हणजे २४ वरही साडेसात उरतात. वर्षाला चार-पाच रोल काढणाऱ्यांना मी रोडिनलच सांगेन, ग्रेन मात्र ठसठशीत येतो, तो चालत असेल तर. डी-७६ मिळालं आणि आयडी-११ नाही मिळालं तर खुशाल घ्या, काम तेच करतं, फक्त मिसळायला पाणी जास्त गरम, ५० ते ५५ अंश लागतं, आणि वेळा डी-७६ च्या तक्त्यातल्या बघा.

पाच लिटरचं पाकीट लिटरमागे स्वस्त पडतं म्हणून घ्यायचा मोह होईल. ते एकदम अख्खं मिसळावं लागतं, अर्धी पुडी आज आणि अर्धी नंतर असं करायचं नाही, पुडीत रसायनं सारखी मिसळलेली असतीलच याचा भरवसा नसतो. पाच लिटर म्हणजे या पद्धतीने वीस बाटल्या, सहा महिन्यांत वीस रोल. तेवढे फोटो काढत असाल किंवा दोघा-तिघांनी मिळून वाटून घेत असाल तरच मागवा. कॉलेज रोड, इंदिरानगर भागात कोणी असं वाटून घ्यायला तयार असेल तर मला सांगा, पुढचं पाकीट दिवाळीच्या आधी मागवणार आहे.